पहिला कर्जदार

गाडीची किल्ली यांच्या हातात पडली आणि फुलांचा गुच्छ माझ्या. जर्मनीत गाडी ताब्यात देताना शोरूमवाले घरच्या बाईला फुलं देतात. आमची गाडी वापरलेली होती, चंदेरी रंगाची, मागे सामानाला भरपूर जागा असलेली, तरीही फुलं मिळाली. पिवळे जर्बेरा होते. सेल्समन यांच्याशी हात मिळवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आता साहेब तुम्हाला छान फिरवून आणतील."

मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते. साहेब मला फिरवून आणणार हे खरंच होतं, कारण पोट स्टिअरिंगला लागत असल्यामुळे मी गाडी चालवणं बंद केलं होतं. पण गाडीचा हप्ता जाणार होता माझ्या पगारातून. हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते सगळं याच्यातून झालं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील नांदेडला एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण व्याजाचा हिशेब तोंडी करायची. मी इंजिनीअर झाले, ड्रेस्डेनला पुढचं शिकले आणि तिथेच चिप्सच्या कारखान्यात नोकरीला लागले. नखशिखांत पांढरे कपडे घालून, डोळ्यांपुरती फट ठेवून, जिथे धुळीचा कण चालत नाही अशा खोल्यांत मी काम करायचे. कोणाच्या ओळखीने नाही, कोणाच्या मेहेरबानीने नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो चारचौघांत बोलून दाखवायला मी लाजत नाही. काही लोकांना ते खटकतं. खटकू दे.

लग्न ठरलं तेव्हा हे पुण्यात चांगल्या कंपनीत मशीनचे सुटे भाग डिझाइन करायचे. मी म्हटलं होतं, मी परत येणार नाही, तुम्हाला यावं लागेल. माझ्याशी असं सरळ बोललेली पहिलीच मुलगी, असं हे नंतर सांगायचे. आले. नोकरी सोडून आले. इथे आल्यावर जर्मन येत नाही म्हणून इंजिनीअरचं काम मिळेना. आधी भाषेचा क्लास, मग अर्ज, मग पुन्हा वरचा क्लास. नकाराची पत्रं इतकी सभ्य भाषेत यायची, की पहिली दोन-तीन तर यांना होकाराचीच वाटली.

म्हणून मी एक केलं. जिथे जिथे दोघांची नावं लागतील तिथे यांचं नाव आधी घालायचं. दाराच्या घंटीवर, टपालपेटीवर, घराच्या करारावर. घरमालकीण म्हणाली सुद्धा, भाडं तुमच्या खात्यातून येतं, मग आधी तुमचं नाव का नको? मी म्हटलं, आमच्यात असंच असतं. तसं काही नसतं. माझ्या आईच्या रेशनकार्डावरसुद्धा आईचंच नाव आधी होतं. पण या माणसाने माझ्यासाठी आपल्या टेबलावरची नावाची पाटी उचलून पिशवीत घातली होती, आणि ती पिशवी आमच्या तळघरात तशीच पडून होती. मला वाटायचं, निदान कागदावर तरी हे आधी असू देत.

गाडीच्या वेळीही तेच. शोरूम शहराबाहेर, मोठ्या रस्त्यावर. सेल्समन पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, मूळचा तिथलाच. आमच्या त्या सॅक्सनी प्रांतातले लोक 'हो'ला 'नू' म्हणतात, हाही दर वाक्याला नू, नू करायचा. माणूस वाईट वाटला नाही. कॉफी आणून दिली, मला खुर्चीत उशी दिली. कॉम्प्युटरवर माहिती भरायला बसला तेव्हा मी म्हटलं, "यांचं नाव आधी घाला."

"नू," तो म्हणाला. "म्हणजे साहेब पहिले कर्जदार आणि मॅडम दुसऱ्या."

माझ्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप त्याने मागितल्या, मी दिल्या. यांची एकही मागितली नाही, कारण नव्हतीच. हे क्लासला जातात, नोकरी शोधतायत, असं मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. त्याने माझ्याच स्लिपांच्या झेरॉक्स काढल्या आणि पिन मारून फायलीत ठेवल्या. मग विम्याचा विषय काढला. नोकरी गेली किंवा आजारी पडलात, तर विमा कंपनी तुमचे हप्ते भरेल. विम्याचा पैसा वेगळा द्यायचा नाही, कर्जातच मिळवून टाकायचा.

तेव्हा यांनी तोंड उघडलं. वरच्या क्लासला नुकतीच जर-तरची वाक्यं चालू होती. वाक्य मनात जुळवून, एकेक शब्द नीट ठेवत यांनी विचारलं, "जर माझ्या पत्नीची नोकरी गेली, तर हा विमा पैसे भरेल का?"

"नातुअर्लिश," तो म्हणाला. "अर्थातच. त्याचसाठी तर आहे. कुटुंब सुरक्षित."

बाहेर आल्यावर हे खुशीत होते. म्हणाले, "बघितलंस? एका दमात विचारलं. एक चूक नाही."

"आणि तो काय म्हणाला तेही कळलं?"

"नातुअर्लिश," हे म्हणाले आणि दोघंही हसलो. त्या गाडीपायी आमचं हसणं आठवायचं म्हटलं की मला हेच आठवतं.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला, यांच्या हातात किल्ली. तो नागपूरला पाठवला. मामंजींचा फोन आला. मामंजी कारखान्यात फिटर होते, आवाज अजून मशीनवर चढवून बोलायचे. "सूनबाई! माझ्या पोट्ट्यानं जर्मनीत गाडी घेतली वो! अख्ख्या लेआउटात सांगून आलो मी. पगार चांगला दिसते त्याचा."

मी यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "हो मामंजी. चांगलं चाललंय."

मुलगी झाली. सुट्टी संपवून मी कामावर परत गेले. मुलगी बोलायला लागली, आणि मंदी आली. आधी जादा पाळ्या बंद झाल्या, मग आठवड्यातले दिवस कमी झाले, मग एका सकाळी कँटीनमध्ये सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की कारखाना बंद होतोय. माझ्या शेजारी उभा असलेला तिथला एक म्हातारा तंत्रज्ञ म्हणाला, बर्लिनची भिंत पडली त्यानंतर आमचा जुना कारखाना असाच गेला, तेव्हाही कँटीनमध्येच सांगितलं होतं. तो अजिबात चिडलेला नव्हता. त्याचं ते न चिडणं मला फार लागलं.

सरकारी बेकारभत्ता मिळत होता, उपाशी नव्हतो. पण घरभाडं, पाळणाघर आणि गाडीचा हप्ता यात तो पुरत नव्हता. यांनी मला एका शब्दाने न विचारता काम शोधलं. शहराबाहेर, हायवेजवळ, ब्रेडच्या फॅक्टरीत, पहाटेच्या पाळीला. जर्मनीत त्याला फ्रूशिश्ट म्हणतात. पाळी सुरू व्हायची तेव्हा त्या बाजूची पहिली बस डेपोतून निघालेलीही नसायची. गाडी असली तर काम, गाडी नसली तर नाही, असा सरळ मामला होता. पुण्यात ज्यांच्या सहीशिवाय ड्रॉइंग पुढे जायचं नाही ते हे आता पट्ट्यावरून येणारे वाकडे ब्रेड बाजूला काढायचे. दुपारी घरी आले की अंगाला भाजक्या पिठाचा वास यायचा. मुलीला तो फार आवडायचा. ती यांच्या मानेत तोंड खुपसून जर्मनमध्ये म्हणायची, बाबा टोस्टसारखा लागतो.

मी म्हटलं, चिंता कशाला, विमा आहे ना. कागद काढले, अर्ज भरला, कारखान्याचं पत्र जोडलं, पाठवलं. उत्तर लवकर आलं, एका पानाचं. विमा फक्त पहिल्या कर्जदाराचा आहे. पहिल्या कर्जदाराची नोकरी गेलेली नाही. सबब पैसे देता येत नाहीत.

आम्ही शोरूमला गेलो. तोच सेल्समन, तीच कॉफी. मुलगी यांच्या कडेवर. त्याने मुलीला चावीला लावायचं छोटं कापडी अस्वल दिलं आणि मग फाइल उघडली.

"पण मॅडम, तुम्हीच तर म्हणालात, साहेबांचं नाव आधी घाला."

"नाव आधी घाला म्हटलं. विमा त्यांचा काढा असं कोण म्हणालं?"

"कॉम्प्युटर पहिलं नाव घेतो."

"यांनी तुम्हाला विचारलं होतं, माझी नोकरी गेली तर काय. तुम्ही काय म्हणालात?"

त्याने खांदे उडवले. "इतक्या जुन्या गोष्टी… मी रोज इतक्या लोकांशी बोलतो." मग कागद आमच्याकडे फिरवून बोट ठेवलं. "आणि इथे साहेबांची नोंद आहे. नोकरीत. खाली त्यांची सही आहे."

खरंच होती. यांच्या नावासमोर, छापील अक्षरांत, एकच शब्द: नोकरीत.

मी मराठीत म्हटलं, "हा शब्द कुठून आला?"

 मुलीच्या हातातून अस्वल घेऊन यांनी ते टेबलावर ठेवलं. ती रडायला लागली.

शहरात ग्राहकांना सल्ला देणारं एक केंद्र होतं, तिथे थोडी फी भरून वकिलीण भेटायची. माझ्याच वयाची, केस बारीक कापलेले, बोलणं माझ्यासारखंच रोखठोक. तिने सगळे कागद वाचले, दोनदा नाकाने हसली. म्हणाली, अशी प्रकरणं माझ्याकडे सारखी येतात. विमा विकला की सेल्समनला कमिशन. पहिल्या कर्जदाराला नोकरी नाही असं भरलं असतं तर कॉम्प्युटरने नोकरीचा विमा निघूच दिला नसता. म्हणून त्याने 'नोकरीत' भरलं. तुमच्या नवऱ्याला हा विमा पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होता, आणि तुम्हाला तर तो नव्हताच. आपण मागणी करू, की विमा मुळापासून रद्द करा, कर्जात मिळवलेली त्याची रक्कम आणि तिच्यावरचं व्याज परत करा. तेवढं झालं की हप्ता इतका उतरेल की तुम्हाला झेपेल. बेकारभत्ता आणि ब्रेडफॅक्टरी यांत गाडी राहील.

"जिंकू?" मी विचारलं.

"सॅलरी स्लिपा फक्त तुमच्या आहेत, हा चांगला पुरावा आहे. साहेबांनी लिहून द्यायचं, की त्या वेळी मला नोकरी नव्हती, आम्ही तसं सांगितलं होतं, हा शब्द विक्रेत्याने आपल्या मनाने भरला आणि सही करताना माझ्या लक्षात आला नाही. बस."

 हे जर्मनमध्ये म्हणाले, "लक्षात आला होता."

वकिलिणीने पेन खाली ठेवलं.

"मी पाहिला होता तो शब्द. सही करायच्या आधी."

"हे," ती हळू आवाजात म्हणाली, "मी ऐकलेलं नाही. तुम्ही घरी जा, शांतपणे विचार करा आणि मला लेखी पाठवा."

बाहेर आल्यावर मी गाडीतच सुरू झाले. "पाहिलात? पाहिलात आणि बोलला नाहीत?"

"नाही बोललो."

"का?"

सिग्नल लागला होता. हिरवा झाला, मागून हॉर्न वाजला, तेव्हा कुठे हे म्हणाले, "या देशात माझ्या नावापुढे तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं गं. क्लासमध्ये विद्यार्थी, नाहीतर तुझा नवरा. त्याने ते टाइप केलं, माझ्यासमोर. मी म्हटलं, असू दे. गाडीच्या कागदावर तर आहे. कोणाचं काय जातंय."

मला खूप राग आला होता. तो राग सेल्समनवर होता की यांच्यावर, मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. झालं ते झालं. आता लिहून द्या, लक्षात आला नाही म्हणून."

"ते खोटं आहे."

"त्याने टाइप केलं ते खरं होतं का?"

"ते त्याने केलं. हे मी करणार."

"अहो, आता शील पाळायचं सुचलं का? तेव्हा कुठे गेलं होतं?"

ही गोष्ट मी बोलायला नको होती, पण बोलले. आमच्या घरात सकाळी वंदना होते, पंचशील म्हटलं जातं. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचा नियम घेतो, असं चौथं शील आहे. हे ते पाठ केल्यासारखं नाही म्हणत, प्रत्येक वेळी नवं घेतल्यासारखं म्हणतात. बेकारीच्या त्या सगळ्या वर्षांत एक दिवस चुकवलं नाही. नोकरी नाही, भाषा नाही, तर एवढं एकच काम आपलं, अशा निष्ठेने ते करायचे. मी मात्र घाईत, केस विंचरता विंचरता म्हणायचे.

हे म्हणाले, "एकदा गप्प बसलो, त्याचीच फळं आहेत. आता परत नाही."

आणि यांनी तसंच लिहिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शब्दकोश घेऊन, पूर्ण दुपार बसून. मला नोकरी नव्हती. आम्ही तसं सांगितलं होतं. पत्नीची नोकरी गेली तर विमा मिळेल का, हे मी विचारलं होतं आणि विक्रेता 'अर्थातच' म्हणाला होता. 'नोकरीत' हा शब्द त्याने भरला. तो मी पाहिला आणि दुरुस्त केला नाही. मला त्याची लाज वाटते. शेवटचं वाक्य मी खोडायला सांगितलं, लाजेचा इथे काय संबंध. तेवढं खोडलं. बाकीचं तसंच गेलं. जर्मनमध्ये एक चूक नव्हती.

वकिलिणीने वाचून फोनवर उसासा सोडला. म्हणाली, आल्झो, म्हणजे असं बघा, तुमचा नवरा सज्जन आहे, पण माझं काम अवघड करतो.

थंडी सुरू झाली. मी अर्ज पाठवत होते, मुलाखतींना जात होते. दूरच्या एर्लांगेन शहरात एकदा बोलावलं, पाच जणांनी मिळून तासभर प्रश्न विचारले आणि मग पत्र आलं, पद सध्या भरायचं नाही. व्हिसाचीही टांगती तलवार होती, पण त्याबद्दल आम्ही घरात बोलत नव्हतो. बोलत होतो ते फक्त गाडीबद्दल. एक हप्ता थकला होता, दुसरा थकणार होता, आणि बँकेने लिहिलं होतं, की तसं झालं तर पूर्ण कर्ज एकदम मागू, नाहीतर गाडी ताब्यात घेऊ.

मग बँकेचं उत्तर आलं. वकिलिणीने आम्हाला बोलावून समोर ठेवलं. बँक तडजोडीला तयार होती. विमा रद्द, त्याचा बहुतेक पैसा कर्जातून वजा, हप्ता नव्याने ठरवून कमी. आम्हाला जे हवं होतं त्यातलं जवळजवळ सगळं. फक्त एक वाक्य होतं. 'पहिल्या कर्जदाराने आपल्या नोकरीबद्दल चुकीची माहिती दिल्यामुळे हा विमा निघाला, हे दोन्ही कर्जदार मान्य करतात.'

मी म्हटलं, "हे खोटं आहे."

"अर्धं," वकिलीण म्हणाली. "पण त्यांच्या हातात तुमच्या साहेबांचं पत्र आहे."

"माहिती दिली कोणी? माझ्या स्लिपा हातात घेऊन त्या माणसाने टाइप केलं. त्याचं नाव कुठे आहे यात?"

"कुठेच नाही. तेच तर त्यांना हवंय. हे वाक्य काढा म्हणून मी दोनदा लिहिलं, ते काढत नाहीत. कोर्टात जायचं तर वर्ष-दीड वर्ष. तोवर गाडी जाईल. आणि त्या पत्रामुळे कोर्टातही काय होईल मी सांगू शकत नाही."

हे म्हणाले, "पेन द्या."

"थांबा," मी म्हटलं.

"अगं, काम होतंय ना. गाडी राहतेय."

"तुम्ही खोटं लिहिणार नव्हतात ना? मग हे काय आहे?"

"यात माझ्यावर येतंय. दुसऱ्यावर नाही," हे म्हणाले आणि सही केली. माणसाची ही कुठली वाटणी, मला कळली नाही. स्वतःच्या फायद्याचं खोटं चालत नाही, तोट्याचं चालतं.

मी सही केली नाही. कागद तसाच घरी आणला आणि फ्रिजवर ठेवला. दोघांच्या सह्या नसतील तर तडजोड नाही. वकिलिणीने महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली.

यांनी मला एकदाही म्हटलं नाही, की सही कर. तसं म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात मी सहसा हरत नाही. त्याऐवजी यांनी तळघरातून जुनी सायकल काढली. हवा भरली, साखळीला तेल दिलं. दुसऱ्या दिवशी गाडी दारात असताना हे सायकलवर कामाला गेले. हायवेजवळच्या फॅक्टरीला, जानेवारीत, अंधारात.

आल्यावर दाढीत बर्फ होता. बोटं इतकी आखडलेली, की जॅकेटची चेन मुलीने ओढून दिली. मी म्हटलं, "हा काय नवीन खेळ?"

"सवय करतोय," हे म्हणाले.

"मला दाखवायला चाललंय ना हे?"

"नाही गं. गाडी गेलीच तर काम जायला नको म्हणून." आणि गरम पाण्यात हात घालून बसले. खरंच मला दाखवायला नव्हतं. हा माणूस दाखवायला काही करत नाही, हीच माझी अडचण. दाखवायला करत असता तर मी ओळखलं असतं आणि दुप्पट अडून बसले असते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाटेत घसरून पडले. गुडघा खरचटला, पँट फाटली, तसेच पाळी करून आले. मी पँट शिवायला घेतली आणि सुईत दोरा ओवता येईना. रागाने पँट बाजूला टाकली. मी उठले, फ्रिजवरचा कागद घेतला, सही केली. आणि सहीखाली माझ्या स्वच्छ जर्मनमध्ये लिहिलं: वरील वाक्य असत्य आहे. विक्रेत्याला सगळं माहीत होतं.

यांनी वाचलं. हसले थोडे. म्हणाले, "तू म्हणजे ना."

पाकीट पाठवलं. मला वाटलं, शिकल्याचा काही उपयोग झाला. सही दिली, पण जे खरं ते लिहून दिलं.

चार-पाच दिवसांनी वकिलिणीचा फोन आला. गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत ती माझी बाजू घेत होती, त्यावरूनच मी ओळखलं. बँक शेरा मारलेली प्रत घेत नाही. कोरी प्रत पुन्हा पाठवली आहे. काहीही न लिहिता फक्त सह्या, नाहीतर प्रस्ताव मागे घेतला असं समजावं. "मी तुम्हाला सांगू शकत नाही काय करा ते," ती म्हणाली. "पण माझं स्वतःचं असतं तर मी सही केली असती आणि घरी जाऊन ताटं फोडली असती."

कोरी प्रत आली. यांनी जेवण झाल्यावर टेबल पुसलं, कोरडं केलं, प्रत ठेवली, सही केली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मग मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत गेले, म्हणजे मी सही करताना माझ्याकडे कोणी बघत बसू नये. तिकडे दोघांचं चालू होतं. हे मराठीत गोष्ट सांगत होते, ती जर्मनमध्ये विचारत होती, पुढे काय झालं, पुढे काय झालं.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. दोन्ही कर्जदार मान्य करतात. दुसरी कर्जदार मी. जन्मात मी न वाचता कुठे सही केली नव्हती, आणि ही तर वाचून, समजून, खोटं आहे हे माहीत असून केली. ताट फोडलं नाही. आमच्याकडे सहाच होती.

बँकेने शब्द पाळला. हप्ता उतरला. सेल्समनला कोणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्या रस्त्याने जाताना शोरूमच्या काचेआड तो दिसायचा, कोणा ना कोणाला कॉफी देताना. वकिलिणीने नंतर विचारलं होतं, की इतरांना सावध करण्यासाठी तुमची हकिकत नाव न घालता छापू का. मी हो म्हणणार होते. हे म्हणाले, नको. मी वाद घातला नाही. पहिल्यांदाच.

नव्या हप्त्याच्या पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा हे उठून गेले होते. अंथरूण गार होतं. खाली रस्त्यावर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडल्याचा आवाज येत होता. आवाज सावकाश होता, घाई नसल्यासारखा. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. खिडकीशी जाऊन हात हलवावा असं वाटलं, पण मी पडून राहिले. मग गाडी सुरू झाली आणि गेली.